शेततळ्यातलं शेवाळ: मोरचुदाच्या आधी करायची कामं

शेततळ्यावर हिरवा थर दिसला की आपल्याकडे पहिलं नाव निघतं ते मोरचुदाचं. बोर्डो मिश्रणामुळे मोरचूद घरोघरी ओळखीचा आहे, दुकानात सहज मिळतो आणि काम लवकर दाखवतो. दोन-चार दिवसांत शेवाळ पिवळं पडून तळाला बसतं, पाणी निवळतं. पण ते मेलेलं शेवाळ तळ्यातच राहतं. तिथेच कुजतं आणि अंगात साठवलेलं नत्र-स्फुरद पुन्हा पाण्यात सोडतं. काही आठवड्यांत नवं शेवाळ त्याच खतावर उभं राहतं आणि आपण पुन्हा मोरचूद आणायला जातो. हा फेरा थांबवायचा असेल तर शेवाळ कशाने मरतं याच्या आधी ते आपल्या तळ्यात कशावर जगतं हे बघायला हवं.

वारंगा फाट्याच्या आसपास, डोंगरकडा-अर्धापूरच्या अंगाला आणि इकडे आखाडा बाळापूर-कळमनुरीकडे, हळद आणि केळी ही दोन्ही पिकं ठिबकवर आली. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, तेव्हापासून कागद अंथरलेल्या तळ्यांची संख्याही वाढली. हळदीला जानेवारीपर्यंत आणि केळीला भर उन्हाळ्यात पाणी लागतं. शेवाळाचा जोरही नेमका त्याच दिवसांत असतो: पाणी कमी, ऊन कडक, वारा पडलेला. एरवी पाणी हिरवं दिसलं म्हणून फारसं बिघडत नाही. बिघडतं ते ठिबकमुळे. ड्रीपरची आतली वाट जेमतेम एक मिलिमीटरची असते. त्यात शेवाळाचा धागा अडकला, त्याला बुळबुळीत जिवाणूंचा लेप चिकटला आणि वर क्षार बसला की ओळीतली झाडं एकेक करून तहानलेली राहतात. पानं वाळेपर्यंत ते कळतही नाही.

शेवाळाला ऊन, पाणी, नत्र आणि स्फुरद लागतं. ऊन आणि पाणी आपण बंद करू शकत नाही. नत्र आपल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात नायट्रेटच्या रूपात बऱ्याचदा आधीच असतं, शिवाय निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती हवेतलं नत्रही ओढून घेतात. हातात राहतं ते स्फुरद. १९७३ साली कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञाने एका तळ्याच्या अरुंद भागात पडदा लावून त्याचे दोन भाग केले. एका भागात नत्र आणि कर्ब सोडला, दुसऱ्यात नत्र, कर्ब आणि स्फुरद. स्फुरदवाला भाग शेवाळाने हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला. विमानातून काढलेलं त्याचं छायाचित्र जगभर गाजलं आणि साबण-डिटर्जंटमधल्या स्फुरदावर बंधनं आणताना त्याचा आधार घेतला गेला. आपल्या तळ्यालाही तोच हिशोब लागू आहे.

हिशोबच मांडून बघू. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल आणि एकास एक उताराचं तळं काठोकाठ भरलं तर २,१९६ घनमीटर, म्हणजे सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. तेच तळं दीड मीटरवर आलं की पाणी अर्धं राहत नाही. बाजू आत उतरत असल्यामुळे ते साधारण ९ लाख ७६ हजार लिटर भरतं. आता १२:६१:०० या विद्राव्य खताचा एक किलो या पाण्यात गेला असं धरा. त्यात स्फुरद मूलद्रव्य सुमारे २६६ ग्रॅम असतं. म्हणजे दर लिटरला पाव मिलिग्रॅमहून थोडं जास्त. पाणी हिरवं व्हायला लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमसुद्धा पुष्कळ होतं. त्या एका किलो खतावर शंभर किलोहून जास्त ओलं शेवाळ पोसलं जाऊ शकतं.

एक किलो खत तळ्यात कोण टाकेल, असं वाटेल. जाणूनबुजून कोणी टाकत नाही. पण बहुतेक फर्टिगेशनची मांडणी तळ्याच्या बांधावरच असते. व्हेंच्युरीची बादली तिथेच विसळली जाते, पोती तिथेच झटकली जातात. लाइट गेली, मोटर बंद पडली आणि पाइपमध्ये एनआरव्ही नसेल किंवा ती गळकी असेल, तर खताचं पाणी उलटं वाहत तळ्यात येतं. आपल्याकडे लाइट दिवसातून कितीदा जाते हे सांगायला नको. म्हणून पहिला खर्च एनआरव्हीवर करा आणि खताची बादली विसळायची जागा तळ्यापासून लांब, उताराच्या खालच्या बाजूला न्या.

दुसरी वाट फिल्टरची. सँड फिल्टरचं बॅकवॉशचं पाणी परत तळ्यात सोडणारे अनेक जण आहेत, कारण पाणी वाया जाऊ नये असं वाटतं. त्या पाण्यात नुकतंच पकडलेलं शेवाळ असतं. ते बांधावरच्या आंब्याला किंवा चिंचेला द्या, वाया अजिबात जाणार नाही.

तिसरी वाट पावसाळ्यातली. नाल्याचं गढूळ पाणी उपसून तळं भरतो तेव्हा त्या गाळाच्या कणांना स्फुरद चिकटून आलेलं असतं. काळ्या मातीत स्फुरद असंच धरून राहतं. पहिल्या जोरदार पावसाचं लाल-काळं पाणी जाऊ द्यावं, दुसऱ्या-तिसऱ्या पावसानंतर निवळलेलं घ्यावं आणि तळ्याच्या तोंडाशी एक खड्डा करून पाणी आधी त्यात थांबवावं. ज्यांच्याकडे इसापूरच्या कालव्याचं पाणी येतं त्यांनीही ते असंच थांबवून घ्यावं. बांधाबाहेरचं पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून कडेला वरंबा हवाच. शेणखताचा ढीग किंवा कोंबड्यांची शेड बांधाच्या वरच्या अंगाला असेल तर ती हलवायला लागेल, त्यावर दुसरा उपाय मला दिसत नाही. जानेवारीत हळदीचा पाला कापून शेतात वाळत पडतो आणि वाऱ्याने उडून तळ्यात येतो, तोही वेळीच काढून टाकावा. भिजून तळाला बसला की तोच खत होतो.

आता समोरचं शेवाळ कोणतं ते ओळखा, कारण उपाय त्यावर ठरतो. एक काठी पाण्यात फिरवून बाहेर काढा. काठीला केसांसारखे हिरवे धागे लोंबले तर ते धाग्यांचं शेवाळ आहे. हे हाताने, जाळीने काढता येतं. काठी रंगात बुडवल्यासारखी निघाली तर निळ्या-हिरव्या शेवाळाचा संशय घ्यावा. मग काचेच्या स्वच्छ बरणीत तळ्याचं पाणी पाऊण भरून अर्धा-एक तास न हलवता ठेवा. हिरवं तळाशी बसलं तर साधं शेवाळ. वर येऊन कडेने कडं धरलं तर बहुधा निळं-हिरवं. त्याला ओल्या गवताचा किंवा कुजका वास येतो आणि वारा पडला की ते तळ्याच्या एका कोपऱ्यात जाड साचतं.

हे दुसरं ओळखणं जनावरांसाठी फार गरजेचं आहे. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती यकृताला आणि मज्जासंस्थेला घातक विषं तयार करतात. कोपऱ्यात साचलेल्या थराचं पाणी गुराने, शेळीने किंवा कुत्र्याने प्यायलं तर काही तासांत जनावर दगावू शकतं. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात, ईरी सरोवरातल्या अशाच शेवाळाचं विष नळाच्या पाण्यात आल्यामुळे चार लाखांहून जास्त लोकांना नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं. पाणी उकळू नका असंही बजावलं होतं, कारण उकळून हे विष जात नाही, उलट पाणी आटून ते दाट होतं. तेव्हा असा थर दिसला की गुरांचं पाणी लगेच बंद करा, ते हौदात दुसरीकडून द्या, आणि त्या तळ्याचं पाणी घरात कशालाही वापरू नका. अशा तळ्यात मोरचूद टाकणं तर जास्तच धोक्याचं, कारण पेशी फुटल्या की आतलं विष एकदम पाण्यात उतरतं.

मोजमापाची सवय लावली तर शेवाळ दाटण्याआधी कळतं. पांढऱ्या प्लॅस्टिकची वीतभर रुंद थाळी घ्या, खाली वजन बांधा, मधोमध दोरी ओवा आणि दोरीला दर दहा सेंटिमीटरवर गाठ मारा. भर दुपारी काठावरून थाळी सोडा आणि ती कुठे दिसेनाशी होते ते बघा. मासे असलेल्या तळ्यात ३० ते ४५ सेंटिमीटर ठीक आहे. फक्त ठिबकसाठी असलेल्या तळ्यात त्याहून खूप खोल दिसायला हवी. आठवड्यामागून आठवडा हा आकडा कमी होत गेला तर कुठून तरी स्फुरद येतंय.

स्फुरद आणि नायट्रेट मोजायचा एक स्वस्त मार्ग मत्स्यालयाच्या दुकानात आहे. घरच्या काचेच्या टाकीत खारं पाणी करून प्रवाळ पाळणारे हौशी लोक शेवाळाने आपल्याइतकेच हैराण असतात. प्रवाळावर हिरवे केस उगवले की ते औषध शोधण्याआधी फॉस्फेट आणि नायट्रेट मोजतात, माशांचं खाणं कमी करतात, दिव्याचे तास घटवतात. थेंब टाकून रंग बघायची त्यांची फॉस्फेट-नायट्रेटची किट बऱ्याचदा गोड्या पाण्यालाही चालतात. घेताना डब्यावर तसं लिहिलंय का ते वाचून घ्या. पाण्याचा पूर्ण अहवाल, विशेषतः पीएच, अल्कलिनिटी आणि क्षार, प्रयोगशाळेतूनच घ्यावा. कळमनुरी तालुक्यात तोंडापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, परभणीला कृषी विद्यापीठ आहे. तिथे नमुना कसा न्यायचा ते आधी विचारून घ्या. अल्कलिनिटीचा आकडा जपून ठेवा, पुढे मोरचुदाच्या वेळी लागणार आहे.

उन्हाबद्दल थोडंच सांगतो. तळं जितकं उथळ तितकं शेवाळाला सोपं, म्हणून दोन तळी असतील तर दोन्हीत थोडं-थोडं ठेवण्यापेक्षा एक पूर्ण भरलेलं ठेवणं बरं. लहान तळ्यावर तारांच्या आधाराने शेडनेट ताणता आली तर शेवाळ आणि बाष्पीभवन दोन्ही कमी होतं. लॉस एंजेलिसने ऑगस्ट २०१५ मध्ये आपल्या एका जलाशयावर ऊन अडवायला ९ कोटी ६० लाख काळे प्लॅस्टिकचे चेंडू सोडले होते. तत्त्व तेच, पण आपल्या तीस बाय तीसच्या तळ्यावर नेट टाकायचा खर्चसुद्धा हिशोबात बसतोच असं नाही. जमिनीवर उघडे असलेले पांढरे पीव्हीसी पाइप मात्र पुरा किंवा रंगवून घ्या. त्यांच्यातून उजेड आत जातो आणि फिल्टरच्या पुढेही शेवाळ धरतं.

धाग्यांचं शेवाळ बाहेर काढणं हा सगळ्यात चांगला उपाय, कारण त्याच्याबरोबर स्फुरदही तळ्याबाहेर जातं. हे काम दुपारी करा. दिवसभर शेवाळ प्राणवायू सोडतं, त्याचे बुडबुडे धाग्यांत अडकतात आणि पूर्ण थर वर तरंगतो. रात्री तोच खाली बसतो. जुनी मासेमारीची जाळी किंवा शेडनेटचा लांब पट्टा दोन्ही टोकांना दोर बांधून घ्यावा, समोरासमोरच्या काठांवर एकेकाने उभं राहावं आणि वारा ज्या कोपऱ्याकडे असेल तिकडे ओढत न्यावं. काढलेला ढीग बांधावर ठेवू नका, पहिल्या पावसात त्याचा रस परत आत जातो. लांब खड्ड्यात शेण-पालापाचोळ्याबरोबर कुजवला तर हळदीला चांगलं खत मिळतं.

हे सगळं काठावरून करायचं. शेवाळ काढायला कोणीही तळ्यात उतरू नये, हे मी हात जोडून सांगतो. कागदाच्या उतारावर शेवाळाचा बुळबुळीत लेप असतो. पाय सरकला की माणूस खाली जातो आणि धरायला काही नसतं, पोहता येणाराही वर चढू शकत नाही. शेततळ्यात बुडून मेलेल्या मुलांच्या आणि त्यांना वाचवायला उडी घेतलेल्या आई-बापांच्या बातम्या उन्हाळ्यात येतच राहतात. तळ्याला कुंपण आणि कुलूप लावलेलं फाटक हवं. चारही बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर बांधावरच्या खुंट्याला बांधून पाण्यापर्यंत सोडलेले हवेत, कारण त्या गाठींना धरून माणूस वर येतो. झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन लांब दोरीला बांधून काठावर टांगलेला असावा. कोणी पडलं तर आधी तो फेकायचा, मागे उडी मारायची नाही. आणि तळ्यावर काम करताना दुसरं मोठं माणूस सोबत हवंच. शेवाळाने पीक एका हंगामाचं जाईल, त्यासाठी कोणाचा जीव धोक्यात घालू नका.

माशांकडून मदत होते, पण किती होते याबद्दल बोलताना जरा जास्त सांगितलं जातं. चंदेरा पाण्यातलं बारीक तरंगतं शेवाळ गाळून खातो. गवत्या मऊ पाणवनस्पती आवडीने खातो, धाग्यांच्या शेवाळाला दुसरं काही नसेल तेव्हाच तोंड लावतो. रोहू-कटल्याला बाहेरून खाद्य घातलं तर त्या खाद्यातलं स्फुरद पाण्यातच राहतं, म्हणजे शेवाळ घटायच्या ऐवजी वाढू शकतं. मासे ठेवायचे असतील तर खाद्य मोजून आणि कमी द्या. थाई मांगूर मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी आणू नका, त्याच्या संवर्धनावर देशात बंदी आहे. मासे असलेल्या दाट हिरव्या तळ्यात पहाटेचा वेळ नाजूक असतो. रात्रभर शेवाळही प्राणवायू वापरतं, त्यामुळे सूर्य उगवायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. मासे वर येऊन तोंड उघडू लागले तर मोटर चालू करून पाणी उंचावरून पुन्हा तळ्यात पाडा.

एवढं करूनही मोरचूद लागलाच, तर तो अंदाजाने टाकू नका. अल्कलिनिटीच्या आकड्याला शंभराने भागा. जे येईल तितके ग्रॅम मोरचूद दर हजार लिटरला. आकडा २०० असेल तर दोन ग्रॅम. कितीही जास्त आला तरी अडीच ग्रॅमच्या वर जाऊ नये आणि अल्कलिनिटी ५० च्या खाली असलेल्या माशांच्या तळ्यात मोरचूद टाकूच नये, मासे मरतात. आधीच्या हिशोबातलं दीड मीटर पाणी असलेलं तळं आणि हा २०० चा आकडा घेतला, तर पूर्ण मात्रा सुमारे दोन किलो होते. ती एकदम द्यायची नाही. अर्ध्या तळ्याला आज, उरलेल्याला दहा-बारा दिवसांनी. सगळं शेवाळ एकाच वेळी मेलं तर ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. वेळ उन्हाच्या सकाळची. मोरचूद प्लॅस्टिकच्या बादलीत विरघळवा, लोखंडी बादलीत तांबं बादलीलाच चिकटतं. किंवा सुती पिशवीत बांधून दोरीने काठाकाठाने ओढा. मेलेलं शेवाळ वर आलं की जाळीने काढून टाका, हीच पायरी बहुतेक जण गाळतात. या काळात गुरांना ते पाणी देऊ नका.

पाणी फक्त हिरवट आणि गढूळ असेल, धागे नसतील, तर मी आधी तुरटी बघेन. तुरटी गाळाबरोबर स्फुरदही बांधून तळाला नेते. वीस लिटरच्या बादलीत एक ग्रॅम तुरटी विरघळवून ढवळा आणि तासभर थांबा. निवळलं नाही तर दुसऱ्या बादलीत दोन ग्रॅम. एक ग्रॅमवर काम झालं, तर त्याच दीड मीटरच्या तळ्याला सुमारे ४९ किलो तुरटी लागेल. खर्च आधी कळतो आणि मग करायचं की नाही ते ठरवता येतं.

शेवाळ पूर्ण जाणार नाही, म्हणून ठिबकची तयारी वेगळी हवी. फूटव्हॉल्व्ह रिकाम्या ड्रमला बांधून असं टांगा की तो पृष्ठभागापासून दोन-तीन फूट खाली आणि तळापासून वर राहील. शेवाळ वर असतं, गाळ खाली, मधलं पाणी सगळ्यात स्वच्छ. तळ्याच्या पाण्याला सँड फिल्टर हवाच. हायड्रोसायक्लोन बोअरच्या वाळूसाठी आहे, शेवाळ हलकं असल्यामुळे ते त्यातून सरळ पुढे जातं, तरी अनेकांना शेततळ्यासाठी तोच विकला जातो. सँड फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या गेजमधला फरक अर्धा किलोपर्यंत गेला की बॅकवॉश करा, दिवस मोजत बसू नका. पुढे डिस्क किंवा स्क्रीन फिल्टर असावा आणि सबमेन-लॅटरलची टोकं हंगामभर नियमित उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडावं.

नळ्यांत लेप धरला असेल तर क्लोरीन. दहा टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट हजार लिटरला २०० मिलिलिटर घेतलं की २० पीपीएम होतं. शेवटच्या ड्रीपरला क्लोरीनचा वास आला की मोटर बंद करून चोवीस तास ठेवा, मग सगळ्या टोकांनी धुऊन काढा. ब्लीचिंग पावडर वापरायची तर रात्री भिजवून वरचं निवळ पाणीच घ्या, खालचा चुना ड्रीपर बंद करतो. क्लोरीनबरोबर त्याच वेळी खत सोडू नका. ॲसिड तर त्याच्या जवळही आणू नका, दोन्ही एकत्र आले की विषारी वायू निघतो. क्षारासाठी ॲसिड द्यायचं असेल तर दुसऱ्या दिवशी, नळ्या धुतल्यावर, आणि नेहमी पाण्यात ॲसिड ओतायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. दाट शेवाळाच्या पाण्याचा पीएच दुपारी नऊच्या वर जातो आणि त्यात क्लोरीनचा जोर बराच कमी होतो. म्हणून हे काम सकाळी लवकर करा.

मे महिन्यात तळं सगळ्यात खाली गेलं की तळाचा गाळ काढायची वर्षातली एकच संधी मिळते. पाणी पूर्ण संपल्यावर, कागद कोरडा झाल्यावर, अनवाणी पायाने आणि रबरी पट्टीच्या वायपरने गाळ एका कोपऱ्यात ओढा. फावडं, घमेल्याची धार, विळा, काहीही टोकदार आत नेऊ नका, ५०० मायक्रॉनचा कागद एका फटक्यात फाटतो. भर उन्हात रिकामा कागद जास्त दिवस उघडा ठेवला तर तो कडक होतो, म्हणून हे एक-दोन दिवसांत उरकून तळात फूटभर तरी पाणी सोडून ठेवावं. निघालेला गाळ हळदीच्या नव्या लागवडीच्या बेडवर जाऊ द्या, स्फुरद त्यात भरपूर असतं.